व्हॉल्व्हला लावलेला चिमटा

मी हट्टी आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणी "बाईंनी वेळीच कुणाचं ऐकलं असतं तर" असं म्हणायला नको. ऐकलं असतं तर काय झालं असतं ते मला पक्कं ठाऊक आहे. सिंगापूरच्या मरीन परेडमधल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत माझा नवरा अजूनही वेताच्या खुर्चीत बसून समुद्रात नांगर टाकून उभी असलेली जहाजं बघत राहिला असता.

दोन वर्षं तो तेच करत होता. पक्षाघाताच्या झटक्यानंतर पाय काठीच्या आधाराने चालू लागला. शब्दही एकेक करून, अडखळत का होईना, परत आले. उजवा हात मात्र आला नाही. बोटं तळव्यात मिटलेली, अंगठा आत. रोज सकाळी गीझरचं गरम पाणी बादलीत घ्यायचं, वीस मिनिटं हात त्यात बुडवायचा आणि एकेक बोट सोडवायचं. मग तो हात दिवसभर निदान टॉवेल धरण्यापुरता सैल राहायचा. एखाद्या दिवशी हे चुकलं की दुपारपर्यंत मूठ दगडासारखी व्हायची, आणि मूठ तशी झाली की त्याचा चेहराही तसाच. बाहेर एकतीस अंशात लोक घामाने निथळत असताना आमच्या घरात गरम पाण्यावाचून दिवस सुरू होत नव्हता.

हा माणूस जुरोंगच्या एका कारखान्यात पंचवीस वर्षं पाइप आणि व्हॉल्व्ह सांभाळत होता. घरातला नळ गळला आणि प्लंबरला बोलवावं लागलं तर ती त्याला घराण्याची नामुष्की वाटायची. आम्ही पुण्यात एकाच कॉलेजात होतो, त्यामुळे मी त्याला पहिल्यापासून 'अरे'च म्हणत आले आणि ते सासूबाईंना शेवटपर्यंत खटकलं. कॉलेजातही तो माझ्या लक्षात राहिला तो हॉस्टेलचा पंप दुरुस्त करताना नखशिखांत भिजला म्हणून. त्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर नाही असा रविवार मला आठवत नाही.

झटक्यानंतर सहा महिन्यांनी त्याने आपली हत्यारांची पेटी मुलीपुढे सरकवली आणि म्हणाला, "खाली... ठेव. कुणीतरी... नेईल." मुलीने ती मुकाट्याने लिफ्टने खाली नेऊन ठेवली. पाच मिनिटांनी मी जाऊन ती परत आणली आणि आमच्या पलंगाखाली, हिवाळ्यात पुण्याला जाताना लागणाऱ्या रजयांच्या मागे दडवली. त्या दिवसापासून माझं त्याच्याशी एक भांडण चालू झालं. तोंडाने एक शब्द न काढता चालू असलेली भांडणं जास्त टिकतात.

मोटरहोम हे त्याचं जुनं वेड. सिंगापुरात कोण मोटरहोम ठेवणार, आणि ठेवली तरी जाणार कुठे, अर्ध्या तासात समुद्र लागतो. पण जेवण झालं की तो टॅबलेट घेऊन बसायचा. न्यूझीलंडच्या डोंगरात लोक मोटरहोम घेऊन हिंडतात, त्यांच्या टाक्या, पंप, गीझर कसे बसवलेले असतात, ते बघायचा. "एवढ्याशा गाडीत अख्ख्या घराचं प्लंबिंग," असं कौतुकाने म्हणायचा, आणि मला डोंगर दाखवायच्या ऐवजी सांडपाण्याची टाकी दाखवायचा. लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला जायचं आमचं ठरलं होतं. तो वाढदिवस आम्ही हॉस्पिटलात काढला.

म्हणून मी बुकिंग केलं. न्यूझीलंडचं दक्षिण बेट, दहा दिवस, जून महिना. जूनमध्ये तिकडे कडाक्याचा हिवाळा असतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. ऑफिसातून रजा तेव्हाच मिळत होती, आणि डिसेंबरपर्यंत थांबले तर हा माणूस खुर्चीतून उठायचंच विसरेल, अशी मला भीती होती.

मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजी-मराठीत म्हणाली, "आई, कॅनॉट लाह. बाबांना रोज हॉट वॉटर लागतं, अँड यू वाँट टू टेक हिम टू आइस?"

पुण्याहून दिरांचा फोन आला. "वहिनी, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. दादाला आता एका जागी सुखात राहू द्या की."

पुण्यात पारा पंधरावर आला की माकडटोपी घालून झोपणारा माणूस मला थंडीबद्दल शिकवत होता. मी म्हटलं, "भावजी, तिथून उंटावरून शेळ्या हाकू नका. इथे या, महिनाभर त्याच्याशेजारी बाल्कनीत बसा, मग सुख कशात आहे ते आपण ठरवू." त्यानंतर तीन आठवडे त्यांचा फोन आला नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

ज्याला न्यायचं होतं तो मात्र गप्प होता. सगळ्यांचं बोलून झाल्यावर, दोन दिवसांनी, चहा पिता पिता त्याने कप खाली ठेवला.

"एकदा... येतो," तो म्हणाला. "नाही जमलं... तर परत... विचारू नकोस. कधीच."

त्याचा अर्थ मला कळला. न्यूझीलंडच नव्हे, खालच्या हॉकर सेंटरमध्ये जेवायला चल असंसुद्धा पुन्हा म्हणायचं नाही. तो शब्दाचा पक्का आहे, आजारपणाने त्यात फरक पडलेला नाही. "ठरलं," मी ठसक्यात म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पाच मिनिटं नुसती ओट्याला धरून उभी राहिले.

मग मी तयारीला लागले. चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसात गेली वीस वर्षं मी एकच काम करते. सिस्टिम बंद पडली तर कुणी, कोणत्या क्रमाने, काय करायचं, त्याच्या पायऱ्या लिहिते. कुणी घाबरलेला असला तरी वाचून बरोबर करेल, अशा लिहाव्या लागतात. तशाच मी मोटरहोमसाठी लिहिल्या. गीझरचं माहितीपत्रक डाउनलोड करून तीनदा वाचलं. मोटरहोममधला गीझर गॅसवर चालतो, सीटच्या खाली बसवलेला असतो, आपल्या बाथरूममधल्या गीझरपेक्षा लहान. त्याला एक छोटा व्हॉल्व्ह असतो. थंडी फार वाढली की हा व्हॉल्व्ह आपला आपण उघडतो आणि गीझरमधलं सगळं पाणी गाडीच्या खाली ओतून देतो. कारण पाण्याचा बर्फ झाला की तो फुगतो आणि गीझर नाहीतर पाइप फोडतो. माझ्या यादीत ही सत्ताविसावी पायरी होती: 'व्हॉल्व्ह आपोआप उघडेल. उघडू द्यावा. कडाक्याच्या थंडीत गॅसचा हीटर रात्रभर चालू ठेवावा.' मी ती ठळक अक्षरात छापली आणि कागद लॅमिनेट करून घेतला.

बर्फ पाइप खरंच फोडतो का, हेही मला बघायचं होतं. हार्डवेअरच्या दुकानातून मी प्लास्टिकची नळी आणली, तिचा वीतभर तुकडा पाण्याने भरला, दोन्ही टोकं बंद केली आणि फ्रीझरमध्ये खोवलेल्या नारळाच्या डब्याशेजारी ठेवला. दुसऱ्या दिवशी मुलीने आइस्क्रीमसाठी फ्रीझर उघडला तर नळीचं एक टोक उडून नारळात रुतलेलं. "आई, आर यू ओके?" तिने विचारलं. मी एकदम ओके होते. उरलेली नळी, ती आवळायच्या चार पट्ट्या आणि पलंगाखालच्या पेटीतली काही हत्यारं मी त्याच्या स्वेटरात गुंडाळून बॅगेत भरली.

मोटरहोम ताब्यात देणारी बाई चांगली होती. तिने सगळं दाखवलं. व्हॉल्व्हचं पिवळं बटणही दाखवलं आणि म्हणाली, तो उघडला तर घाबरू नका. मी माझी यादी तिच्यापुढे धरली. ती वाचत वाचत खाली गेली आणि म्हणाली, हे आमच्या माहितीपत्रकापेक्षा चांगलं आहे. मी नवऱ्याकडे बघितलं. तो सीटवर बसून खिडकीबाहेर बघत होता. ज्या टाक्या आणि पंप त्याने वर्षानुवर्षं टॅबलेटवर बघितले, ते त्याच्या पायाशी होते आणि त्याने वाकूनसुद्धा बघितलं नाही.

पहिल्या दोन रात्री आम्ही विजेची सोय असलेल्या जागी थांबलो. विजेचा हीटर लावला की गाडी उबदार, सकाळी गॅसचा गीझर पेटवला की पंधरा मिनिटांत पाणी गरम. हात बादलीत, बोटं सैल, चहा, पोहे. मी मुलीला फोटो पाठवले. दिरांनाही पाठवले, मुद्दाम. गाडी चालवणं मला जड गेलं नाही. रस्ते डाव्या बाजूचे, आपल्यासारखेच, आणि मैलोगणती दुसरी गाडी नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही एका तळ्याकाठी आलो. तिथे वीज नव्हती, आणि थंडीमुळे नळ बंद असल्याची पाटी लावलेली होती. म्हणजे आमच्या टाकीत होतं तेवढंच पाणी. चार वाजले होते, ऊन उतरत होतं. तळं गाडीपासून पन्नास पावलांवर. "चल, बघून येऊ," मी म्हटलं. त्याला उतरवलं, टोपी घातली, काठी दिली. आणि निघण्याआधी, गीझर आणि हीटर दोन्ही ज्याच्यावर चालत होते त्या सिलिंडरचा नॉब सवयीने जाऊन बंद केला.

इथे मला थोडं थांबलं पाहिजे. माझी आई घराबाहेर पडताना कुलूप लावून, चार पावलं जाऊन परत यायची, ते सिलिंडर बघायला. रात्री दिवा घालवण्याआधी आमच्या घरात शेवटचं वाक्य असायचं, "गॅस बंद केलास का?" शुभ रात्री वगैरे आमच्याकडे कुणी म्हणत नसे. सिंगापुरात आमच्याकडे पाइपचा गॅस आहे, तरी मी रोज रात्री भिंतीवरचा नॉब फिरवते. बंद असलेला हीटर थंडीत गाडीला काय करील, हे मी स्वतः लिहिलं होतं. पण लिहिणारं डोकं आणि नॉब फिरवणारा हात यांची ओळख नव्हती.

तासाभराने परत आलो तेव्हा अंधारून आलं होतं आणि गवतावर दंव पांढरं झालं होतं. गाडीच्या खालून आवाज येत होता. वाकून बघितलं तर स्वच्छ पाण्याची धार गवतावर पडत होती आणि तिची वाफ निघत होती. व्हॉल्व्ह उघडला होता. अगदी सत्ताविसाव्या पायरीत लिहिलं होतं तसा.

मी पुण्याच्या अशा पेठेत वाढले जिथे सकाळी तासभर पाणी यायचं. त्या तासात पिंप, हंडा, कळश्या, बादल्या, शेवटी पातेली आणि तांबेसुद्धा भरायचे. सांडलं तर आई बोलायची नाही, नुसतं बघायची, आणि ते जास्त लागायचं. चांगलं पाणी जमिनीवर वाहताना बघून स्वस्थ उभं राहणं मला आयुष्यात जमलेलं नाही. आणि हे नुसतं पाणी नव्हतं. उद्या सकाळचा त्याचा हात होता. टाकीत किती उरलं होतं कोण जाणे, जवळपास नळ नव्हता, आणि माझ्या डोळ्यांदेखत धार वाहत होती.

मी त्याला सीटवर बसवलं, पिवळं बटण गाठलं आणि वर ओढलं. धार थांबली. सोडलं, बटण पुन्हा खाली गेलं, धार सुरू. चार वेळा असं झालं. मग मी कपड्यांच्या पिशवीतून चिमटा काढला. आमच्याकडे कपडे बांबूवर, अकराव्या मजल्याच्या खिडकीबाहेर वाळतात, समुद्राचा वारा असतो, त्यामुळे आमचे चिमटे साधे नसतात. चांगले जाडजूड. बटणाखाली तो चिमटा लावला आणि व्हॉल्व्ह गप्प बसला. मी गॅस चालू केला, हीटर लावला, टाकीतून गीझर परत भरून घेतला. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

तो सीटवरून बघत होता. "व्हॉल्व्ह?" त्याने विचारलं.

"गळत होता. बंद केला."

त्याने तोंड उघडलं. शब्द येईना. त्याची मान थोडी पुढे झाली, ओठ हलले, मला दिसलं की काहीतरी मोठं सांगायचंय. दोन वर्षं मी त्याच्या एकेका शब्दासाठी थांबत आले होते. त्या संध्याकाळी थांबले नाही. "असू दे, राहू दे, भात टाकते," असं म्हणून वळले. त्याने तोंड मिटलं.

जेवण झालं. झोपण्याआधी मी नेहमीप्रमाणे पाणी भरून ठेवलं, कुकर, किटली, पातेलं आणि दोन बाटल्या. का, ते विचारू नका. घरातलं भांडं रात्री रिकामं ठेवू नये, एवढंच मला माहीत आहे. त्याला दोन रजया घातल्या, वर माकडटोपी. आणि दिवा घालवण्याआधी सिलिंडर बंद केला. पेटत्या गॅसशेजारी झोपायचं, ही कल्पनाच माझ्याच्याने करवेना. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी तर समुद्र ओलांडून माझ्याबरोबर गाडीत येऊन बसली होती.

सकाळी खिडक्यांना आतून बर्फ होता. श्वासाची वाफ दिसत होती. नळ उघडला तर पंप कण्हला आणि थेंब नाही. गीझरचा लाल दिवा लागला होता. सीट उचलून टॉर्च मारला. गीझरमधून निघणारा प्लास्टिकचा वळणाचा तुकडा उभा चिरला होता आणि त्या चिरेतून बर्फाचं एक बोट बाहेर आलं होतं. पिवळ्या बटणाखाली माझा चिमटा, इमानदार शिपायासारखा, जागचा हलला नव्हता.

मी तिथेच खाली बसले. मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती. वीस वर्षं दुसऱ्यांना पायऱ्या लिहून दिल्या आणि स्वतःची एक पाळली नाही. दीर काय म्हणतील, मुलगी काय म्हणेल, हे मनात आलंच, पण ते खरं दुःख नव्हतं. खरं दुःख माझ्यामागे पलंगावर बसलं होतं. त्याची मूठ रात्रभराच्या थंडीने अशी आवळली होती की नखं तळव्यात रुतली होती. त्याने त्या मुठीकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग माझ्याकडे.

"झालं," तो म्हणाला.

इतका स्वच्छ, न अडखळता आलेला शब्द मी त्याच्या तोंडून दोन वर्षांत ऐकला नव्हता. आणि नेमका तो आला.

"काही झालं नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "आज तुझा हात गरम पाण्यात जाणार म्हणजे जाणार. मग तू काय ठरवायचं ते ठरव."

मी सिलिंडर चालू केला. पाणी होतं ना. कुकरमध्ये होतं, किटलीत होतं, बाटल्यांत होतं. पातेल्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा आला होता, तो बोटाने फोडला. दोन्ही बर्नरवर पाणी चढवलं, हीटर लावला. कुकर त्याच्या मांडीवर टॉवेलवर ठेवला, पाणी कोमट करून घेतलं आणि हात आत बुडवला. आपल्या माणसाचा हात कुकरमध्ये घालून बसलेली मी बाई, बाहेर उणे सहा. कुणी बघितलं असतं तर काय म्हणालं असतं, याची मला पर्वा नव्हती.

पहिलं बोट सुटायला फार वेळ लागला. मी पाणी बदलत राहिले आणि तेवढ्यात सगळं कबूल करून टाकलं. सिलिंडर दोनदा बंद केला तेही, आणि व्हॉल्व्ह कसा गप्प केला तेही.

"चिमटा?" त्याने विचारलं.

मी चिमटा आणून दाखवला. त्याने डाव्या हातात घेतला, उलटसुलट करून बघितला, दाबून बघितला. आधी वाटलं त्याला खोकला आला. मग कळलं, तो हसतोय. खांदे गदगदत होते, कुकरमधलं पाणी हिंदकळून रजईवर सांडलं. मीही हसायला लागले, थोडी रडतही होते.

हसू ओसरल्यावर त्याने चिमटा खाली ठेवला. "पेटी," तो म्हणाला. "पलंगाखालची. काय काय... आणलंस?"

दीड वर्ष. दीड वर्ष मी ती पेटी रजयांमागे लपवत होते, केर काढणाऱ्या बाईलाही तिथे हात घालू देत नव्हते, आणि या माणसाला पहिल्यापासून माहीत होतं. मी उठले. बॅगेतून स्वेटर काढला आणि त्याच्यापुढे उलगडला. नळी, पट्ट्या, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, कापायचा चाकू. त्याने नळीचं तोंड अंगठ्याने मोजलं आणि मान हलवली.

दहाला ऊन गाडीवर आलं, बर्फ वितळला आणि चिरेतून पाणी ठिबकू लागलं. त्याला मी उशांवर खाली बसवलं, सीट उचललेली, दोघांची डोकी त्या भोकात. तो सांगत गेला, मी करत गेले. "आधी... पंप बंद." "टाकीचा... कॉक." शब्द सुचला नाही तर डाव्या हाताने दाखवायचा. मी थांबत होते. आता मला कितीही वेळ थांबायला सांगा, मी थांबणार होते. फुटका तुकडा निघाला, नळी कापून बसवली, पट्ट्या सरकवल्या. पण पट्टी आवळायला लागले की पाइप फिरायचा. तिकडे जोर लावला की इकडचं टोक निसटायचं. माझा एक हात स्क्रू ड्रायव्हरवर, एक पट्टीवर. त्याचा डावा हात नळीवर. पाइप धरायला कुणी नव्हतं.

मी म्हटलं, "थांब, काहीतरी बांधते."

त्याने मान हलवून नाही म्हटलं. डाव्या हाताने आपलं उजवं मनगट उचललं, हात त्या भोकात घातला आणि कोमट पाण्याने सैल झालेली बोटं पाइपभोवती ठेवली. मग सोडून दिली. बोटं गेली दोन वर्षं जे करत होती तेच त्यांनी केलं. ती मिटली. पाइप त्या मुठीत असा बसला की मी सगळा जोर लावून पट्टी आवळली तरी तसूभर फिरला नाही.

"आवळ," तो म्हणाला. "अजून."

मी आवळत होते आणि त्याच्या हाताकडे बघत होते. तो माझ्याकडे नाही, जोडाकडे बघत होता. कपाळाला आठी, जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात. तो चेहरा मी दर रविवारी, तीस वर्षं बघितलेला होता.

दुपारी गीझर पेटला. जोडाखाली कागद ठेवून आम्ही अर्धा तास बसलो. कागद कोरडा राहिला. मोटरहोम देणाऱ्या बाईला मी फोन करून सगळं खरं सांगितलं, चिमट्यासकट. ती म्हणाली, गाडी परत कराल तेव्हा आम्ही तुकडा बदलू, तोवर चालतंय तर चालू द्या. आम्ही बाकीचे सगळे दिवस चालवलं.

त्यानंतर गॅस रात्रभर चालू राहिला. मी त्याच्या शेजारी पडून त्या हिस्स आवाजाला मनातल्या मनात शिव्या घालायची, पण नॉबला हात लावला नाही. भांडी मात्र रोज भरून ठेवली, आणि त्याबद्दल मी कुणाचं ऐकून घेणार नाही. संध्याकाळी व्हॉल्व्ह बघायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं. काठी टेकत तो गाडीला वळसा घालून यायचा. एका डोंगरातल्या मुक्कामी गाडी पार गारठली होती आणि हीटर पेटवेपर्यंत व्हॉल्व्ह उघडला. आम्ही दोघं बाहेर उभे होतो. चांगलं, स्वच्छ पाणी गवतावर वाहत होतं. माझा जीव तुटत होता, हात खिशात गच्च धरले होते.

"जाऊ दे," तो म्हणाला.

मी जाऊ दिलं.

परत आल्यावर रविवारी मुलीने टॅबलेटवर दिरांना व्हिडिओ कॉल लावून दिला. दिरांनी आधी दादाला नीट न्याहाळलं. मग म्हणाले, "झाली ना हौस वहिनींची? आता पुरे बरं का, दादा."

मुलगी म्हणाली, "याह लाह, काका. इनफ ऑलरेडी."

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, चांगलं तिखट. पण त्याने मान थोडी पुढे केली, ओठ हलले. मी तोंड मिटून घेतलं आणि थांबले. बराच वेळ लागला. बाल्कनीबाहेर जहाजं होती, दिवाणखान्यात वेताच्या खुर्चीशेजारी हत्यारांची पेटी होती, उघडी.

"पुढच्या वेळी," तो माझ्याकडे बघत म्हणाला, "चिमटे... घेऊ नकोस."

"कसले चिमटे?" दीर टॅबलेटमधून विचारत राहिले.